खांबाच्या मापाची शाल

फार पूर्वीची गोष्ट. थंडीवर उपाय म्हणून माणसांजवळ विस्तव, लोकर आणि एकमेकांची सोबत एवढंच होतं, तेव्हाची. एका उंच डोंगराच्या खांद्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक जाळीवाली राहत होती.

जाळीवाली म्हणजे लोकरीच्या जाळीदार शाली विणणारी. तशा तिथल्या सगळ्याच बायका शाली विणायच्या. घरोघरी मेंढरं होती, घरोघरी टकळी फिरायची आणि प्रत्येकीच्या कमरेला टोकाशी आकडी असलेली एक सुई खोचलेली असायची. पण बाकीच्यांच्या शाली एकीकडे आणि हिची शाल एकीकडे. हिच्या शालीची घडी नारळाच्या करवंटीत मावायची आणि उलगडली की खाटभर पसरायची. लांबलांबच्या बायका ती बघायला यायच्या, बोटं लावून बघायच्या आणि "बाई गं, हात आहेत की काय!" म्हणत परत जायच्या. जाळीवालीला ते ऐकायला आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

त्या डोंगरावर एक रीत होती. शाल बाजारात न्यायची नाही, ती फक्त द्यायची. लेक सासरी निघाली की द्यायची, बाळंतिणीला द्यायची, आजारी माणसाला द्यायची. आणि विणायला बसण्याआधी माप घ्यायचं. हे माप काठीने किंवा वितीने घेत नसत. ज्या माणसाला शाल द्यायची त्याच्या समोर उभं राहायचं, लोकरीच्या लांब धाग्याची दोन टोकं दोन हातांत धरायची, त्याला कवेत घ्यायचं आणि त्याच्या पाठीमागे, न बघता, त्या टोकांची गाठ मारायची. न बघता गाठ मारायला वेळ लागतो. कधी टोक निसटतं, कधी गाठ सैल बसते. गाठ नीट बसेपर्यंत मिठी सोडायची नाही, असा नियम होता. मग धाग्याचं ते कडं डोक्यावरून अलगद काढून घ्यायचं. ते कापायचं नाही. त्याच्या मापाने शाल विणायची आणि शेवटी ते कडं गाठीसकट शालीच्या गळ्याकडच्या काठात विणून टाकायचं. शाल अंगावर घेतली की ती एक गाठ बोटांना लागायची.

याला ते लोक 'कव घेणं' म्हणत. हा नियम ज्या कुणी घालून दिला, ती बाई माणसांना पुरती ओळखून असणार.

तर या जाळीवालीला एक धाकटी बहीण होती. दोघींत चार वर्षांचं अंतर. धाकटी डोंगराच्या पायथ्याशी खालच्या वाडीत दिली होती. सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला पोचावं, इतकीच वाट. पण थोरली त्या वाटेला बारा वर्षं गेली नव्हती.

कारण विचाराल, तर एक सुई. त्यांच्या आईची शिंगाची सुई होती. वापरून वापरून गुळगुळीत झालेली, मधाच्या रंगाची. आई शेवटच्या दिवसांत धाकटीकडे होती. जाताना तिने ती सुई धाकटीच्या हातात ठेवली. थोरली पोचली तेव्हा आई गेलेली होती आणि सुई धाकटीच्या कमरेला होती. आता धाकटीचं विणकाम म्हणजे काय सांगावं? ती बिचारी घट्ट टाके घालायची, तिची जाळी जाळी न दिसता चाळणीसारखी दिसायची. आणि सुई मिळाली तिला! थोरलीच्या मनाला ते फार लागलं. तिने काही विचारलं नाही. तेराव्याला, चार माणसं पंगतीला बसलेली असताना, ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आई गेली. आता या वाडीत माझं कुणी नाही."

धाकटी वाढत होती. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. ते तिने खाली ठेवलं नाही. थोरली पायऱ्या उतरून निघून गेली.

त्यानंतर वर्षं गेली. थोरलीचा नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. घरात ती, तिची सुई आणि तिचं नाव. नाव मोठं होत गेलं. राग मात्र कमी होत गेला, कारण राग असा एकट्याने किती दिवस पोसणार? पुढे पुढे तर तिला त्या दिवशी आपण बोललो त्याची लाज वाटायची. भाताचं पातेलं धरून उभी असलेली बहीण डोळ्यांपुढे यायची. पण इतकी वर्षं गेले नाही, आता कशी जाऊ, काय तोंडाने जाऊ, असं म्हणत आणखी एक वर्ष जायचं.

एका वर्षी कार्तिकात एक म्हातारी मेंढपाळ बाई मेंढरं घेऊन वर आली. ती दर महिन्या-दीड महिन्याने कळप घेऊन डोंगर चढायची आणि उतरायची, आणि दोन्हीकडच्या बातम्या घेऊन जायची. जाळीवालीच्या दारात ती पाणी प्यायला थांबली.

"तुझी धाकटी आजारी आहे गं," ती म्हणाली. "खोकल्याने धरलंय. भादव्यापासून अंथरुणाला आहे."

थोरलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "जास्त आहे का?"

"जास्त-कमी मला काय कळतं? पण तुझं नाव घेते. अक्का अजून विणते का, असं विचारत होती. मी उद्या सकाळी उतरणार आहे. येतेस का सोबत?"

थोरलीला त्या क्षणी उठून निघावंसं वाटलं. हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. तिचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलंही होतं. पण मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

"बारा वर्षांनी जायचं आणि रिकाम्या हाताने कशी जाऊ?" ती म्हणाली. "तिच्यासाठी एक शाल करते. अशी करते की या डोंगरावर कुणी पाहिली नसेल. ती घेऊनच जाईन."

"शाल कर की. पण त्याला कव घ्यायला हवी ना? चल, उद्या माप घेऊन ये. मग वीण निवांत."

"तिचं माप मला घ्यायला हवं होय?" थोरली जरा फणकाऱ्यानेच म्हणाली. "चौदा वर्षं एका गोधडीत झोपलोय आम्ही. माझ्या हातांना पाठ आहे ती."

मेंढपाळ बाईने तांब्या उपडा घातला आणि दुसऱ्या दिवशी ती मेंढरं घेऊन एकटी उतरली.

इकडे थोरली कामाला लागली. पण मापाच्या धाग्याशिवाय शाल सुरू करायची तिच्या हातांना सवय नव्हती. शेवटी तिने काय केलं असेल? घराच्या मधल्या खांबाला तिने गोधडी गुंडाळली. एक गुंडाळली, हात घालून पाहिला. बारीक वाटलं. धाकटी लहानपणापासून गुबगुबीत, गालाला खळी पडणारी. दुसरी गोधडी गुंडाळली. मग डोळे मिटले, हातात धागा धरला आणि त्या खांबाला मिठी मारली.

आणि तिला रडू आलं. गोधडीला जुन्या कापडाचा वास होता, तोच वास, त्या दोघींच्या गोधडीचा. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली असती, तर कदाचित तिचं तिलाच उमजलं असतं. पण तिने घाईघाईने गाठ मारली आणि डोळे पुसले. मग लक्षात आलं की धाग्याचं कडं काही निघत नाही. खांब खालून जमिनीत आणि वरून आढ्यात. माणसाच्या डोक्यावरून कडं निघतं, खांबाच्या कसं निघणार? तिने जरा विचार केला आणि विळी घेऊन धागा कापला. कापलेली टोकं पुन्हा गाठ मारून जोडली. झालं माप.

तिने करवंदजाळी धरली. ही सगळ्यात अवघड जाळी. बारीक बारीक फळांचे घोस, मधे काटे, आणि सगळं नुसत्या टाक्यांतून आणि टाक्यांमधल्या मोकळ्या जागेतून दिसायला हवं. सकाळी उन्हात बसायची, उन्हासोबत जागा बदलायची, उजेड गेला की सुई ठेवायची. शाल हातभर झाली तेव्हा तिला मधे एक चूक दिसली. एक टाका जास्त. तो दुसऱ्या कुणाला शोधूनही सापडला नसता. तिने सगळं उसवलं.

खरं सांगायचं तर तिच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, बहिणीला ऊब मिळावी. आणि दुसरी, बहिणीने ती शाल पाहताक्षणी ओळखावं की आईची सुई कुणाकडे जायला हवी होती. पहिली गोष्ट खरी होती आणि दुसरीही खरी होती. उसवायला लावायची ती दुसरी.

मार्गशीर्षात मेंढपाळ बाई पुन्हा आली. शाल तेव्हा अर्धी झाली होती. ओट्यावर पाच-सहा बायका ती बघायला बसल्या होत्या. मेंढपाळ बाईने शालीकडे पाहिलंच नाही.

"धाकटी खाटेवरून उठत नाही आता," ती म्हणाली. "उद्या येतेस?"

"अर्धीच झालीय गं. अर्धवट शाल घेऊन जाऊ का? आजारी माणसाला अर्धवट वस्तू देऊ नये."

"मग शाल इथंच ठेव. तू चल."

ओट्यावरच्या बायकांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने सुईतला टाका पुरा केला, मग पुढचा घातला. "पौर्णिमेपर्यंत होईल," ती खाली मान घालून म्हणाली. "झाली की त्या दिवशी निघते. तिला सांग, अक्का येतेय म्हणावं. शाल घेऊन येतेय."

पौर्णिमेपर्यंत झाली नाही. काठाची वेल तिच्या मनासारखी वळेना. काठ तिने दोनदा उसवला.

पौषात मेंढपाळ बाई तिसऱ्यांदा वर आली. या वेळी ती दारात थांबली नाही. पाणीही मागितलं नाही. कळपाच्या मागून चालताना तिने एकदा मान वळवून जाळीवालीकडे पाहिलं आणि पुढे गेली. थोरलीने तिला हाक मारली. पण मेंढरांच्या गलक्यात ती तिला ऐकू गेली नाही, की ऐकून ती थांबली नाही, कोण जाणे.

थोरली परत शालीकडे वळली. तिने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बसून काठ संपवला. जोडलेला धागा काठात विणून टाकला, शेवटचा टाका ओढला आणि शालीची घडी करवंटीत ठेवून पाहिली. मावली. इतकी सुंदर शाल तिच्या हातून कधी झाली नव्हती आणि पुढेही झाली नाही. ती फडक्यात बांधून तिसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगर उतरली. तीन महिने ज्या वाटेसाठी लावले होते, ती वाट दुपारच्या आधीच संपली.

धाकटीच्या दारात तिचा नवरा उभा होता. त्याने थोरलीला ओळखलं.

"या, अक्का," तो म्हणाला. "फार दिवस लावलेत. ती रोज वाटेकडे तोंड करून निजते."

आत चुलीजवळ खाट होती. खाटेवर कुणी आहे हे थोरलीला आधी दिसलंच नाही. मग गोधडी हलली.

"अक्का?"

आवाज तोच होता. बाकी काहीच ते नव्हतं. गाल आत गेलेले, मनगटं काटकीएवढी, केस विरळ झालेले. काय बोलावं ते थोरलीला सुचेना, म्हणून तिने फडकं सोडलं आणि शाल उलगडली. दारातून येणाऱ्या उजेडात तिने ती धरली आणि घाईघाईने सांगत सुटली. ही करवंदजाळी आहे, हे घोस बघ, हे काटे, या काठाला तीनदा वळवावं लागलं, ही लोकर आपल्या काळ्या तोंडाच्या मेंढीची.

धाकटीने शाल हातात घेतली. बराच वेळ पाहिली. "आईलासुद्धा अशी जमली नसती गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात नुसतं कौतुक होतं, दुसरं काही नव्हतं.

बारा वर्षं थोरलीला हेच ऐकायचं होतं. आता ते ऐकलं आणि तिला त्याने काहीच झालं नाही. उलट आपण काहीतरी भलतंच घेऊन आलोय असं वाटलं. तिने शाल बहिणीच्या अंगावर घातली. एकदा गुंडाळली, तरी उरली. दुसऱ्यांदा गुंडाळली, तरी उरली. तिसरा वेढा झाला तेव्हा कुठे शाल संपली, आणि त्या जाळीत धाकटीचं तोंड तेवढं दिसत राहिलं.

धाकटीची बोटं सवयीने गळ्याजवळच्या काठावर गेली. गाठ शोधायला. बोटं थांबली, पुढे गेली, पुन्हा मागे आली.

"अक्का, इथं दोन गाठी आहेत."

थोरली शालीची कड सारखी करत राहिली.

"हा धागा कापलेला आहे. कुणाची कव घेतलीस?"

थोरलीने मान खाली घातली. "घराच्या खांबाची," ती म्हणाली. "दोन गोधड्या गुंडाळून."

धाकटी हसली. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती तिने तशीच सोसली आणि पुन्हा हसली. त्या वाळलेल्या गालावर क्षणभर ती जुनी खळी दिसली. "खांबाची! आणि दोन गोधड्या! एवढी जाड होते का गं मी?"

थोरलीलाही हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ हुंदका. "मी चुकले," ती म्हणाली. "त्या तेराव्याला मी बोलले ते चुकले. आणि हे तीन महिनेही चुकले. मला वाटलं, रिकाम्या हाताने कशी जाऊ."

धाकटीने खाटेखालची टोपली दाखवली. थोरलीने ती ओढून उघडली. आत लोकरीचे पांढरेशुभ्र गुंडे होते. बारा. वर आईची शिंगाची सुई, आणि एक लांब मोकळा धागा, नुसताच गुंडाळून ठेवलेला.

"दर वर्षी लोकर कातरली की त्यातली सगळ्यात मऊ तुझ्यासाठी काढून ठेवायची," धाकटी दम खात म्हणाली. "तुला शाल करायची होती. पण कव घेतल्याशिवाय कशी सुरू करायची? धागा तेवढा काढून ठेवला होता."

"तू वर यायचंस ना गं."

"तू म्हणाली होतीस, तुझं इथं कुणी नाही. मला वाटलं, आपण तिचे कुणी असलो तर ती येईल."

थोरलीने सुई उचलली. हातात ती अजून तशीच गुळगुळीत होती. "आईने ही तुला का दिली?" तिने विचारलं. या प्रश्नाला बारा वर्षं उशीर झाला होता.

"तेव्हाच विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आई म्हणाली, थोरलीच्या हातात बाभळीचा काटा दिला तरी ती जाळी विणेल. तुझा हात जड आहे, तुला माझी सुई असू दे. एवढंच." धाकटीने डोळे मिटले, मग उघडले. "तुझं कौतुकच करत होती ती. जाताना."

थोरलीने सुई टोपलीत ठेवली. तिने तो मोकळा धागा उचलला, दोन टोकं दोन हातांत धरली आणि खाटेच्या कडेवर बसली. नवऱ्याने धाकटीला आधार देऊन बसवलं. थोरलीने बहिणीला कवेत घेतलं.

तिचे हात धाकटीच्या पाठीमागे भेटले आणि एकमेकांना ओलांडून पुढे गेले. पार कोपरांपर्यंत. इतकीच उरली होती धाकटी. चौदा वर्षं एका गोधडीत झोपलेल्या त्या हातांना ही पाठ अजिबात पाठ नव्हती. बरगड्या हाताला लागत होत्या आणि त्यांच्या आत श्वास घरघरत होता. थोरली गाठ मारायला लागली. डोळ्यांत पाणी होतं, पण डोळ्यांचं तिथे कामच नव्हतं.

"बसली का गाठ?" धाकटीने तिच्या खांद्यात तोंड खुपसून विचारलं.

"नाही गं. टोक निसटतंय."

"निसटू दे. घाई करू नकोस."

गाठ बसली तेव्हा चुलीवरचं पाणी उकळून अर्धं झालं होतं.

थोरलीने कडं बहिणीच्या डोक्यावरून अलगद काढलं. तिने डोळे पुसले, ती मोठी शाल मांडीवर घेतली आणि काठाचं टोक शोधून उसवायला लागली. "ही उसवते," ती म्हणाली, "आणि तुझ्या मापाची लहान करते. लहान लवकर होईल. चार दिवसांत होईल बघ. मी रात्रंदिवस बसते."

धाकटीचा हात शालीवर आला. त्याला वजन असं नव्हतंच.

"शाल राहू दे, अक्का," ती म्हणाली. "माप पुन्हा घे."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने शाल बाजूला ठेवली आणि पुन्हा तो धागा उचलला.

ती तिथेच राहिली. दिवसभर बहिणीचं करायची, तिला पेज भरवायची, जुन्या गोष्टी काढायची. आणि रोज एकदा तेच कडं तिच्या डोक्यावरून घालून कव घ्यायची. रोज नवी गाठ आदल्या दिवशीच्या गाठीच्या जरा आत बसायची. त्याबद्दल दोघी काही बोलायच्या नाहीत. धाग्यावर अशा नऊ गाठी झाल्या. दहावी गाठ मारायची वेळ आली नाही.

खांबाच्या मापाची ती शाल धाकटीच्या अंगावरच गेली. तीन वेढ्यांत ती सगळी झाकली गेली होती. नवऱ्याने टोपली थोरलीच्या हातात दिली, "तुमच्यासाठीच होती" एवढंच म्हणाला. ती घेऊन थोरली डोंगर चढून घरी आली. त्या बारा गुंड्यांची शाल तिने स्वतःसाठी केली नाही. तिची कव घेणारं कुणी उरलं नव्हतं. त्या गुंड्यांतून तिने पुढे गावातल्या बाळंतिणींना शाली केल्या, प्रत्येकीला कवेत घेऊन, आणि त्या सगळ्या आईच्या सुईने. नऊ गाठींचा तो धागा मात्र तिने दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवला.

तिची जाळी पूर्वीइतकी बारीक राहिली नाही, असं लोक म्हणत. कुठे एखादा टाका जास्त असायचा. ती उसवत नसे.

पुढे काही वर्षांनी गावातली एक बाई तिच्याकडे आली. तिची आणि तिच्या जावेची भांडणं होऊन घरं वेगळी झाली होती. जाऊ नदीपलीकडे राहायला गेली होती आणि आता आजारी होती.

"तिला एक शाल करून दे," ती बाई म्हणाली. "तुझ्या हातची असली की तिचा राग जाईल. माझ्याच उंचीची आहे ती, माझ्यावरूनच माप घे."

"आधी जाऊन तिची कव घेऊन ये," थोरली म्हणाली. "माप आणलंस की विणते."

"अगं, पण इतक्या वर्षांनी जायचं आणि रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

थोरलीने खुंटीवरचा धागा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. नऊ गाठी, एकीच्या आत एक. ती बाई गावातलीच होती, तिला त्या धाग्याची गोष्ट ठाऊक होती. तिने गाठी एकेक करून बोटाने चाचपल्या आणि शेवटच्या गाठीशी थांबली.

"तिला कवेत घ्यायला निघालीस ना?" थोरली हळूच म्हणाली. "मग हातात काही धरून कसं चालेल?"

बाईने धागा परत दिला. घरी जाऊन तिने चूल विझवली, दाराला कडी घातली आणि ती त्याच पावली नदीकडे निघाली. थोरली ओट्यावर उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

तात्पर्य: भेट मागाहून पोचली तरी चालते, आपण मात्र वेळेवर पोचावं.